बापूरावांची फुंकर

"पोरीला भुईवर निजवू नगं, पूर्णिमा. माज्या खोलीत तर नगंच नगं," असं मुक्ताबाई म्हणाल्या, तेव्हा मी त्यांच्याच खोलीत गोधडी अंथरत होते. "बरं आजी," म्हटलं आणि अंथरली. माझी रेवा नुकती धरून धरून चालायला लागली होती. कॉटवरून, ओट्यावरून, जिन्यावरून, दिवसभर माझ्या मनात ती कुठून ना कुठून पडतच असायची. भुईवरून कोण कुठे पडणार?

कारण विचारलं तर म्हणाल्या, "आमचं हे खालनं फुंकत्यात."

हे म्हणजे बापूराव, त्यांचे यजमान. मी लग्न होऊन पुण्यात यायच्या कितीतरी आधी गेलेले. मी हसू दाबलं आणि गोधडीच्या कडेला उशा लावल्या.

आम्ही तेव्हा धायरीत हिंदुरावांच्या इमारतीत भाड्याने राहत होतो. हिंदुराव म्हणजे बापूरावांचे धाकटे भाऊ. गाव शहरात आलं तेव्हा त्यांनी जुनं घर पाडलं, त्यातली एक खोली तेवढी ठेवली आणि तिच्यावर तीन मजले चढवले. समोरच्या रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले तशी ती खोली खाली खाली गेली. आता चार पायऱ्या उतरून तिच्यात जावं लागतं. एकच खिडकी, तीही आढ्याला लागून. तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांच्या चपला दिसतात. त्या खोलीत मुक्ताबाई. वर हिंदुराव, त्यांचा मुलगा विक्रम, सून तनुजा, आणि सगळ्यांत वर आम्ही.

मी रसायनशास्त्राची पदवीधर. एका ऑनलाइन क्लाससाठी घरून पेपर तपासते. दुपारी तपासायला बसले की रेवा मुक्ताबाईंकडे असायची. दोघींचं जमायचं. मुक्ताबाईंना तिच्याशी बोलायला विषय लागत नसत, आणि तिला उत्तर देता येत नसे.

तेजसच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, नोकरीमुळे आम्ही इथे आलो होतो. त्याची कंपनी कारखान्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून टँकरने आणते आणि खोल बोअरमधून आपल्या काळ्या कातळात सोडते. या कातळाशी त्या गॅसचं जमतं. काही काळाने त्याचा चक्क दगड होतो. हे मला तेजसने लग्न ठरताना सांगितलं होतं, उदगीरच्या आमच्या बैठकीत, पोह्यांची बशी हातात धरून. मला ते फार आवडलं होतं. अजूनही आवडतं, हे इथेच सांगून टाकते. मागच्या उन्हाळ्यात रेवाच्या मानेवर घामोळ्यांची लाल पट्टी महिनाभर हटली नव्हती, आणि रोज तिच्या मानेला ओलं फडकं लावताना मला वाटायचं, ही माझ्या वयाची होईल तेव्हा एप्रिलमध्ये कुठे उभी राहील? हा गॅस कुणीतरी जमिनीत घालायला हवा, आणि थोडाथोडका नाही. दोन हजार सत्तरपर्यंत देशाला कार्बनच्या हिशेबात शून्यावर यायचं आहे. तेजसच्या भाषेत, एका बोअरने हवेला नखही लागत नाही, हजारो लागतील.

पहिली बोअर हिंदुरावांच्या शेतात होती, इमारतीच्या मागेच. गावात त्याला 'जमिनीला इंजेक्शन' म्हणत.

"काय तेजसराव, ताप उतरला का जमिनीचा?" हिंदुराव जिन्यात विचारत.

"उतरेल काका, डोस वाढवायचा आहे," तेजस म्हणायचा.

डोस वाढवण्याआधी एक पाहणी झाली. गॅस आत सोडला की तो वर यायला वाट शोधतो, आणि त्याला सगळ्यांत सोपी वाट म्हणजे जुनी, बंद पडलेली बोअर. म्हणून आजूबाजूच्या प्रत्येक घरी विचारायचं होतं. तेजस आणि त्याचे साहेब, सलिल, दारोदार फिरले. रेवाला कडेवर घेऊन मीही गेले होते. बाईमाणूस सोबत असलं की चहा मिळतो आणि लोक खरं बोलतात, असा सलिलचा समज होता.

चहा मिळाला.

"जुनी बोअर? आमच्याकडे?" एका दारात एक गृहस्थ म्हणाले. "अहो, आम्हाला फक्त पाहुणे आले की बोअर होतं."

हिंदुरावांनी तर वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. "चालू हायेत त्या दोन. टँकर भरतो त्या. मेलेली एकबी न्हाई."

"नक्की काका? कुठे फरशीखाली, बांधकामाखाली..."

"न्हाई म्हनलं ना."

धायरीत बोअरबद्दल कुणी विचारायला आलं की अख्खी आळी एका सुरात 'न्हाई' म्हणते. इथे टँकरशिवाय पाणी नाही आणि बोअरशिवाय टँकर नाही. बोअर मोजायला येणारा माणूस आज कागद घेऊन आला, तर उद्या सील घेऊन येतो, हे सगळ्यांना पाठ आहे. कुठून आलात, कशासाठी विचारता, हे कोण ऐकतं? तेजस लातूरकडचा, सलिल कोथरूडचा. दोघांनीही ते 'न्हाई' जसंच्या तसं लिहून घेतलं. मलाही काही वावगं वाटलं नाही. आमच्या उदगीरला बोअर आटली की लोक ती गावभर सांगत फिरतात, दुःख म्हणून.

मग मार्चमध्ये डोस वाढला. आधी ते गॅस पाण्यात विरघळवून सोडत. पण त्याला पाणी मणाने लागतं, आणि प्यायलाच टँकर लागणाऱ्या गावात तेवढं पाणी आणायचं कुठून? वरून तगादा होता, यंदा आणखी बारा बोअर करायच्या, करून दाखवायच्या. तेव्हा पाणी वगळलं आणि नुसता गॅस दाबून सोडायला लागले.

"हे चालतं?" मी विचारलं.

"प्रेशर मॉनिटर होतंय," तेजस म्हणाला. त्याला काही नीट माहीत नसलं की तो इंग्रजीत शांत होतो.

त्यानंतर मुक्ताबाईंच्या देवापुढची समई विझायला लागली. देव खाली, भिंतीतल्या कोनाड्यात, गुडघ्याच्या उंचीवर. सकाळी लावली की विझायची. दार उघडं टाकून थोडा वेळ गेला की टिकायची. मग कॉटखाली झोपणारी मांजर एका सकाळी उठलीच नाही. त्या दिवसापासून मुक्ताबाईंनी रेवाच्या भुईचा हट्ट धरला.

"रातभर फुंकत्यात गं. दिवा ठेवत न्हाईत. डोकं भनभनतंय माजं. अन् रागानं फुंकत्यात, मला कळतं ना."

"का रागावलेत आजोबा?" मी विचारायचं म्हणून विचारलं.

"त्यांचं त्यांना ठावं. जित्तेपनी तरी कुठं सांगायचे."

जिन्यात तनुजाला सांगितलं तर ती पोट धरून हसली. "आमच्या मोठ्या आईंचा नवरा मेल्यावर रोमँटिक झाला बघा, पूर्णिमाताई. आमचा तर जिवंतपणी फुंकर घालत नाही." ती हे विक्रमला सांगायला खाली गेली, विक्रमने टँकरवाल्यांना सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत टँकर भरायला आलेली माणसं त्या खिडकीपाशी वाकून ओरडत होती, "ओ काकू, बापूरावांना म्हणावं जरा आमच्याकडं पण फुंका, लय उकडतंय!" आतून मुक्ताबाईंनी शिव्या दिल्या. मग लोक शिव्या ऐकायला मुद्दाम यायला लागले.

रेवा खालून वर आली की पेंगुळलेली असायची. ओठ फिके. मी तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजायची, मग स्वतःचे मोजायची, आणि गोंधळून पुन्हा पहिल्यापासून. बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी तपासलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाळ ठणठणीत आहे. आईला झोपेची गरज आहे."

एप्रिलमध्ये एकदा मी खाली गेले तर मुक्ताबाईंनी जुन्या लुगड्याची झोळी करून आढ्याच्या कडीला टांगली होती आणि रेवा त्या झोळीत. एवढ्या उंचावर! मी ओरडले. "पडली म्हणजे? डोकं फुटेल तिचं! आजी, तुम्हाला कळतं की नाही?"

"भुईवर न्हाई निजवनार," त्या म्हणाल्या.

"मग माझी मुलगी इथे नाही येणार."

दोन दिवस नाही पाठवली. तिसऱ्या दिवशी पेपरांचा ढीग आला, आणि मी गोधडी घेऊन तिला पुन्हा खाली सोडली.

त्या दुपारी बाहेर धूळ उडत होती म्हणून खोलीचं दार लावलेलं होतं. मी चहासाठी उठले, खालून काहीच आवाज येईना म्हणून उतरले. दार ढकललं. माझी गोधडी कोपऱ्यात घडी करून ठेवलेली. झोळी आढ्याला, आणि झोळीतून रेवाचा एक पाय बाहेर, हलणारा. खाली मुक्ताबाई भिंतीला टेकून बसलेल्या, मांडीवर मेथीची जुडी, अर्धी निवडलेली. तोंड उघडं. डोळेही उघडे, पण ते कुणाकडेच बघत नव्हते.

"आजी!" मी त्यांच्यापाशी वाकले, आणि नाकात एकदम झिणझिणी गेली, सोडा पिताना ठसका लागला की जाते तशी. वास काहीच नाही. कसाबसा झोळीला हात घातला, रेवाला ओढली आणि पायऱ्या चढले. वर आल्यावर मी आधी तिच्या छातीला कान लावला. श्वास होता, चांगला होता, ती माझे केस ओढत होती. मग ओरडले.

विक्रमने मुक्ताबाईंना काखेत धरून ओढत वर काढलं. तो स्वतः पायरीवर बसून ओकला. मुक्ताबाईंना उन्हात निजवलं, चेहऱ्यावर पाणी मारलं. खूप वेळाने त्यांचे डोळे हलले. त्यांनी पहिल्यांदा आपल्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, "मेथी कुटंय?"

"मेथी!" तनुजा म्हणाली. "इथे लोकांचा जीव जातोय आणि ह्यांना मेथी."

तेजस आणि सलिल गॅस मोजायचं यंत्र घेऊन आले. मी मागे मागे. तेजस दोन पायऱ्या उतरला तोवर यंत्र गप्प होतं. तिसऱ्या पायरीवर वाकून त्याने हात खाली नेला आणि ते कर्कश किंचाळायला लागलं. हा गॅस हवेपेक्षा जड, खालीच साचतो. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी तो माझा नवरा होता, रेवाचा बाप होता. मला वाटलं, सुटलो.

"काका," तो वर येऊन म्हणाला, "या खोलीत खाली बोअर आहे."

"न्हाई."

"काका, माणूस मेला असता आज."

"ड्रेनेजचा गॅस असंल. जुनी लाइन हाय."

बाजेवर पडलेल्या मुक्ताबाई म्हणाल्या, "हाय की बोअर. आमच्या ह्यांनीच पाडली. अंगणात. कोरडी लागली म्हनून महिनाभर जेवले न्हाईत. मग तुमीच न्हाई का भाऊजी तिच्यावर फरशी टाकून खोली वाढवली?"

"वहिनी, गप पडा." हिंदुराव आमच्याकडे वळले. "चळ लागलाय तिला. ती म्हंती नवरा खालनं फुंकतोय. इचारा कुणालाबी. इचारा तुमच्या बायकूला."

कुणी मला विचारलं नाही. सलिलने यंत्र बंद केलं, त्याच्या पिशवीत घातलं, पिशवीची चेन लावली. "सेप्टिक टँकचाही कार्बन डायऑक्साइड असतोच," तो म्हणाला.

"त्याला वास येतो," मी म्हणाले. "घाण वास येतो. इथे वास आहे?"

"वहिनी," सलिल छान हसून म्हणाला, "तुम्ही घाबरला आहात. साहजिक आहे."

रेवाला वरण भरवत असताना मी तेजसशी भांडले. तो समोर बसून बुटाची नाडी सोडत होता आणि पुन्हा बांधत होता.

"पुढच्या महिन्यात बारा बोअरना मंजुरी आहे," तो म्हणाला. "आता एका जुन्या बोअरचं नाव निघालं की सगळ्या आळीची तपासणी. प्रत्येक घराखाली असेल एकेक. इथलं काम संपलं समज. आणि इथलं संपलं की बाकीचे म्हणणार, बघा, पुण्यात गॅस वर आला. मग कुणीच करणार नाही. तूच म्हणतेस ना, रेवाचे उन्हाळे?"

"त्या खोलीत रेवा होती, तेजस."

"होती. आता नाही ना."

"आजी आहेत."

तो उठला. नाडी बांधून झाली होती.

दोन दिवसांनी विक्रमने खोलीची फरशी फोडली. मी आढ्याच्या खिडकीतून वाकून बघितलं, टँकरवाले बघायचे तशीच. फरशीखाली लोखंडी पाइपचं तोंड होतं, वर एक दगड, आणि कडेने कुजलेलं गोणपाट कोंबलेलं. विक्रमने त्यात सिमेंट ओतलं, थापी मारली, वर नवी फरशी बसवली. मी फोटो काढला. तेजसला दाखवला.

"काळा गोल आहे," तो म्हणाला. "कशाचाही असू शकतो."

खिडकीत एक पंखाही बसवला, आतली हवा बाहेर टाकणारा. पंख्याचं बटण वर तनुजाच्या स्वयंपाकघरात होतं. दुपारी तिची मालिका लागली की ती तो बंद करायची. ऐकू येत नाही म्हणे. आणि मुक्ताबाईंना परत त्याच खोलीत ठेवलं. मी म्हटलं, आमच्याकडे येऊ देत, आमची एक खोली रिकामीच असते. हिंदुरावांनी माझ्याकडे न बघता तेजसला सांगितलं, "घरची बाई भाडेकरूकडं ठेवली म्हंजे लोक इचारतील का ठेवली. मग काय सांगू, ड्रेनेज?"

सिमेंट वाळलं तरी समई विझतच होती. आता लगेच नाही, पण उन्हं उतरेपर्यंत विझायची. फटी काय, फरशीला हजार असतात.

आणि नव्या बारा बोअरसाठी मुक्ताबाईंचा अंगठा हवा होता. मागची जमीन सामायिक, बापूरावांच्या हिश्श्याला त्यांचं नाव. विक्रम कागद घेऊन खाली गेला तेव्हा मी पायरीवर उभी होते.

"मोठ्या आई, इथं अंगठा. पर्यावरणाचं काम आहे. पुण्य लागतं."

"अजून भोकं पाडनार?"

"बारा."

"एकातनं फुंकत्यात तर मी मरायला टेकले. बाराबी भोकातनं फुंकले तर तू कुटं जाशील रं?"

विक्रम हसत वर आला. "देत नाही. मेंटल केस आहे यार," तो मला म्हणाला, आणि लगेच थांबला. त्याच्या डोक्यात त्या शब्दाचा उजेड पडताना मी बघितला. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

आठवड्याने तनुजा माझ्याकडे आली. एरवी ती दारातूनच बोलते. त्या दिवशी आत येऊन बसली. "पूर्णिमाताई, मोठ्या आईंना दवाखान्यात दाखवायचंय. सदाशिव पेठेत मोठे डॉक्टर आहेत. तुम्ही याल का? आम्हाला काही नीट सांगता येत नाही. तुम्ही शिकलेल्या, तुमचं ते ऐकतील."

मला आनंद झाला. खरंच झाला. डोकेदुखी, ओकाऱ्या, विसरणं, सगळं डॉक्टरांना ओळीने सांगता येईल. गॅस म्हणता येईल. एका डॉक्टरने तोंडातून तो शब्द काढला की हिंदुरावांच्या 'न्हाई'ला काय किंमत? रिक्षात मी मुक्ताबाईंचा हात धरून बसले होते. बाहेरच्या हवेत त्या चांगल्या तरतरीत झाल्या होत्या. टिळक रोडला म्हणाल्या, "किती गं ह्या दुचाक्या. ह्यांना घरी बायका न्हाईत का?"

दवाखाना पहिल्या मजल्यावर. डॉक्टर वयस्कर, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. दारावर पाटी: 'मोबाइल बंद ठेवावा. डॉक्टर चालू आहेत.' आत गेल्यावर टेबलावरच्या पाटीवरून कळलं की हे मनाचे डॉक्टर.

"आजी, आज वार कोणता?" त्यांनी विचारलं.

"कॅलेंडर तुमच्या मागं टांगलंय की. मला कशाला इचारता?"

डॉक्टर किंचित हसले. मला धीर आला. गावाचं नाव, दिराचं नाव, सुनेचं नाव, भाकरीला पीठ किती घ्यायचं, सगळं मुक्ताबाईंनी चोख सांगितलं. तनुजा खुर्चीत चुळबुळायला लागली.

"यजमान?"

"बापूराव."

"काय करतात?"

मी मुक्ताबाईंचा हात दाबला. त्यांना वाटलं, मी धीर देते आहे.

"फुंकत्यात," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी पेन उचललं. "कुठून?"

"खालनं. जिमिनीतनं. दिवा ठेवत न्हाईत. मांजर मारली माजी."

"तुम्ही कोण?" त्यांनी मला विचारलं.

"मी वर राहते. डॉक्टर, त्याचं कारण आहे. त्या खोलीत गॅस—"

"गॅसचं नंतर. आधी मी विचारतो त्याचं उत्तर. मृत पती जमिनीखालून फुंकर घालतात, असं या म्हणताना तुम्ही स्वतः ऐकलंय?"

"हो, पण—"

"किती वेळा?"

"पुष्कळदा. पण डॉक्टर, खोलीखाली बोअर आहे, तिच्यातून कार्बन डायऑक्साइड येतो, म्हणून दिवा विझतो, त्याला त्या..."

"बाई," ते न चिडता म्हणाले, "गॅसचा त्रास असेल तर पोटाचे डॉक्टर समोरच्या गल्लीत बसतात. साडेसहानंतर."

तनुजा खुदकन हसली. मुक्ताबाईही हसल्या, त्यांना विनोद आवडायचा. मी फोनमधला काळा गोल काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी दारावरच्या पाटीकडे बोट केलं आणि लिहिलेला कागद तनुजाच्या हातात दिला.

परतताना तनुजाने मला उसाचा रस पाजला. "बरं झालं तुम्ही आलात," ती म्हणाली. "माझं ऐकलं नसतं त्यांनी."

पुढे कागदांचं काय झालं, मुक्ताबाईंच्या अंगठ्याऐवजी कुणाच्या सहीवर भागलं, मला कुणी सांगितलं नाही. मेमध्ये मागच्या शेतात मांडव पडला. गुरुजींनी धरणीमातेची क्षमा मागितली, नारळ फुटले, सलिलने येणाऱ्या पिढ्यांवर भाषण केलं आणि बोलता बोलता आमच्या रेवाला कडेवर घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोत ती छान आली आहे. कंपनीने तो सगळीकडे लावलाय. मला माहीत आहे, यातला बराचसा गॅस खरोखर खाली राहील, त्याचा दगड होईल, आणि सलिल म्हणाला त्यातलं पुष्कळसं खरं आहे.

"हिंदुराव, तुमच्या वहिनी दिसत नाहीत?" पाहुण्यांपैकी कुणी विचारलं.

"आराम करत्यात," हिंदुराव म्हणाले.

मी मांडवातून उठून खाली गेले. दाराला बाहेरून कडी होती. कडी काढली. मुक्ताबाई कॉटवर बसल्या होत्या, गुडघे पोटाशी. पंखा बंद. मी म्हटलं, "चला आजी, वर चला, माझ्याबरोबर."

त्या सावकाश म्हणाल्या, "तू तिथं हो म्हनलीस ना डॉक्टरला. मी म्हनलं, पूर्णिमा खरं बोलती." त्यात टोमणा नव्हता. मला टोमणा चालला असता.

मी त्यांना दंडाला धरून उठवलं. पायऱ्यांपर्यंत आलो तर विक्रम वर उभा. त्याने आरडाओरडा केला नाही. खाली उतरला, माझा हात त्यांच्या दंडावरून एकेक बोट करून सोडवला आणि म्हणाला, "ताई, पेशंट आहेत त्या. कागद आहे माझ्याकडे. तुमच्याकडे काय आहे?"

त्याच संध्याकाळी आम्हाला जागा सोडायला सांगितलं. तेजस एका शब्दाने भांडला नाही. त्याची तिथे रोज ये-जा आहे. आता आम्ही कसबा पेठेत राहतो, दुसऱ्या मजल्यावर. रेवाला मी कॉटवर निजवते आणि कॉटला कठडे लावलेत.

तेजसला रोज विचारते, "आजी दिसल्या?" तो म्हणतो, "मी कामाला जातो, तिथे." परवा म्हणाला, "पंख्याचा आवाज येत होता वाटतं." वाटतं! मी पोलीस चौकीत जाऊन आले. त्यांनी विचारलं, तुम्ही नात्यातल्या कोण? मी स्वतः दोनदा गेले, तर फाटकातूनच परत पाठवलं. विक्रम म्हणतो, ओळखीची माणसं बघून त्यांचं डोकं फिरतं.

म्हणून तुम्हाला विनवते. तुमची त्यांच्याशी ओळख नाही, तुम्हाला कुणी अडवणार नाही. धायरीकडे जाणं होत असेल तर जिथे टँकर भरतात तिथून आत वळा, तीन मजली पिवळी इमारत. टँकरचं विचारायला आलोय म्हणा, पाण्याचं विचारणाऱ्याला ते फाटक उघडतात. डाव्या हाताला चार पायऱ्या आहेत. उतरू नका. वरूनच मोठ्याने हाक मारा, "मुक्ताबाई!" त्यांना उत्तर द्यायला वेळ लागतो, तेव्हा थांबा. शिवी आली तर उत्तमच. बाहेरून कडी असेल तर काढा आणि दार सताड उघडं टाका. आणि काहीच आलं नाही, तर तिथल्या कुणाला विचारत बसू नका, ते 'आराम करत्यात' म्हणतील. तुम्ही पुन्हा हाक मारा.